कमरेला पिस्तूल हवंय? आधी रेंजवर दहा गोळ्या मारून या

पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून कमेंट टाकणाऱ्यांनी नाही वाचली तरी चालेल.

गेल्या महिन्यात सीमेवरून होणाऱ्या लाकडाच्या वाहतुकीवर लागोपाठ तीन बातम्या दिल्या. तिसरी छापून आली त्या रात्री साडेदहाला फोन आला. "सावळघाटात रस्ता लई खराब आहे भाऊ, जपून येत जा." एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. आणि रस्ता खरोखरच खराब आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार तरी काय लिहून देणार?

दुसऱ्या दिवशी पेठच्या चौकात चहा पिताना हे सांगितलं तर चार जणांचा एकच सल्ला: परवाना काढा. "तुम्ही पत्रकार, तुम्हाला लगेच मिळेल." त्यातल्या एकाकडे आहे. सरकारी कामांचा ठेकेदार आहे, नाव लिहीत नाही. त्याने शर्ट वर करून दाखवलं. नवं कोरं, पूर्ण आकाराचं, स्टीलचं पिस्तूल. दाखवून झालं की एका हाताने पँट वर ओढली, कारण तेवढ्या वजनाने ती खाली येत होती. बोलता बोलता हे चार वेळा झालं. मी विचारलं, किती गोळ्या मारल्यात आतापर्यंत? तर म्हणाला, "घेताना दोन मारल्या होत्या. एक भावाच्या शेतात." शेतातली कशासाठी मारली, ते मी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. घरी विषय काढला. बायकोने एकच विचारलं, "ठेवणार कुठे?" दोन खोल्यांचं घर, पोरगा सहावीत, कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माझ्याआधी माहीत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी अर्ज करायचाच म्हणून चौकशी केली. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जदाराने शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रं करून देणारा एक जण भेटला. तो हसला. "साहेब, सर्टिफिकेटचं आपण बघून घेऊ. तुम्ही कशाला उन्हात जाता?"

मी उन्हात गेलो. आज जे लिहितोय ते त्यामुळेच लिहितोय.

नाशिकच्या बाजूला एका रेंजवर रीतसर फॉर्म भरून गेलो. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे, आवाज मऊ. समोर टेबलावर क्लबच्या परवान्यावरचं .३२ बोअरचं नवं पिस्तूल, ठेकेदाराकडे होतं त्याच जातीचं. साध्या नागरिकाला ९ मि.मी. मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. आपल्यासाठी .३२, म्हणजे ७.६५ मि.मी.

पहिला अर्धा तास गोळीच नाही. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत राहू शकते, आणि "रिकामं होतं हो" म्हणत झालेले बहुतेक अपघात त्या एका गोळीचे असतात, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बोट ट्रिगरवर नाही, बाहेर, सरळ. तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. मी प्रश्न विचारायला वळलो तर हातासकट पिस्तूलही वळलं. त्या मऊ आवाजाच्या माणसाने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस दुखत होतं.

आता पिस्तुलाबद्दल. वस्तू म्हणून उत्तम. हातात घेतलं की बरं वाटतं, त्यात नाटक कशाला करू. थंड, भरीव, मूठ हाताला भरून. स्टीलचं वजन असल्यामुळे .३२ ची गोळी उडताना धक्का फारसा बसत नाही. मला वाटलं होतं खांदा हलेल, तर पिस्तूल नुसतं वर उचललं आणि परत जागेवर आलं. पहिल्याच गोळीला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे.

मग कागद जवळ आणला. दहा मीटरवर, भर दिवसा, दोन पायांवर नीट उभं राहून, दोन्ही हातांनी धरून, कोणी अंगावर येत नसताना मी दहा गोळ्या मारल्या. काळ्या गोलात दोन. पाच कागदावर, त्या सगळ्या खाली डावीकडे. तीन कागदालाही लागल्या नाहीत. त्या बांधात गेल्या. आपल्या चौकात असत्या तर कुठे गेल्या असत्या? सर म्हणाले, उजव्या हाताचा नवखा माणूस ट्रिगर दाबत नाही, ओढतो, म्हणून गोळी खाली डावीकडे जाते. शिवाय बघायचं असतं पुढच्या साइटकडे, समोरचा कागद पुसट दिसला पाहिजे. माझं लक्ष कागदावरून हटेना. समोरून कोयता घेऊन माणूस येत असेल तर त्याला पुसट करून एवढ्याशा साइटकडे कोण बघेल?

नंतर त्यांनी मला रेंजच्या मागच्या मैदानावर दोन चकरा पळायला लावलं आणि लगेच पाच गोळ्या दिल्या. कागदावर एक.

तिथेच माझा विषय संपला. पण त्यांनी जाता जाता जे विचारलं ते सांगतो. "तुम्ही घरी जाता कशावर?" म्हटलं, मोटरसायकलवर. "चेंबर भरून फिरायचं नाही, बरोबर? म्हणजे वेळ आली की शर्ट वर करायचा, काढायचं, सेफ्टी उघडायची, दुसऱ्या हाताने स्लाइड ओढायची. तेव्हा हँडल कोण धरणार?"

म्हणून माझ्या शुभचिंतकांना विचारतो. पत्रकाराला, सरपंचाला, माहिती अधिकारवाल्याला "परवाना काढ" म्हणता, तेव्हा डोळ्यांसमोर नेमका कुठला प्रसंग आणता? राजापूरच्या शशिकांत वारिशेंना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडलं. ते दुचाकीवर होते. कमरेला पिस्तूल असतं तर गाडी थांबली असती? दाभोलकर आणि पानसरे सकाळी फिरायला निघाले होते, मारेकरी मोटरसायकलवर आले. तपासात ज्या गोळ्यांचा उल्लेख आला त्या ७.६५ च्या, म्हणजे बोअर तेच. मारायला येणारा आधी हाक मारत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वरला पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्यांनी नाशिकच्या पत्रकारांना मारहाण केली. त्या झुंडीत एखाद्याने पिस्तूल काढलं असतं तर ते दोन मिनिटांत झुंडीच्या हातात गेलं असतं.

आता कुणीतरी म्हणणारच, "नाशिक ही अनंत कान्हेरेंची भूमी आहे." आहेच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात जॅक्सनवर ब्राऊनिंगमधून गोळ्या झाडल्या, अगदी जवळून, आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे फासावर गेले. शेवट काय होणार हे त्यांना माहीत होतं. ढाब्यावर बिल मागायला आलेल्या पोराला दिसावं म्हणून त्यांनी पिस्तूल बाळगलं नव्हतं. त्यांचं नाव ह्या भानगडीत ओढू नका.

कारण हल्ली पिस्तूल हा दागिना झालाय, राव. सोन्याची साखळी, पांढरी गाडी, कमरेला पिस्तूल. वाढदिवसाच्या स्टेटसला पिस्तूल, मिरवणुकीत पिस्तूल. २०१९ ला शस्त्र कायदा बदलला. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, आणि आनंदाच्या भरात बेफिकिरीने गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आनंदात गोळ्या झाडू नका हे दिल्लीला कायद्यात लिहावं लागलं! त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं. दारू लागते, भाऊबंदकी लागते, कर्ज होतं, डोळ्याला मोतीबिंदू होतो. मधे कोणी विचारतं का, की बाबा अजून नेम लागतो का, हात थरथरतो का?

संरक्षणासाठी दिलेलं शस्त्र कुठे पोचतं ते फेब्रुवारी २०२४ ने दाखवलं. २ तारखेला उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. गुन्हा सत्ताधारी आमदारावर, पिस्तूल परवान्याचं. सहा दिवसांनी दहिसर-बोरिवलीकडे फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं, तेही परवान्याचं. दोन्हीकडे कागद चोख असतील. बीडमध्ये संतोष देशमुख यांच्या खुनानंतर कळलं की एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने आहेत. मग रद्द करायची घाई सुरू झाली. देताना त्यावर "जीविताला धोका" अशी शिफारस करणारे कोण होते, ह्याची घाई कुणाला झालेली दिसली नाही.

आणि गंमत बघा. निवडणूक लागली की हीच शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. म्हणजे आचारसंहिता असेपर्यंत जिवाला धोका नाही का? की धोका ह्यांना नसून ह्यांच्यापासून आहे हे सरकारलाही ठाऊक आहे?

कायद्यात एक छान कलम आहे, चौदावं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. वाचायला फार बरं वाटतं. करंजाळी-जोगमोडीकडच्या मजुराला, जो द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला जातो आणि जिवाचा धोका म्हणाल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रोज पत्करतो, त्याला कुणी परवाना दिलेला मला तरी दिसला नाही. त्याला तो नकोच आहे. त्याला हजेरी वेळेवर हवी आहे.

मी बंदुकीच्याच विरोधात आहे असं समजू नका. रेंज मला आवडली. तिथली शिस्त आवडली. शेजारच्या दहा मीटरच्या हॉलमध्ये पोरं-पोरी एअर पिस्तूल घेऊन उभी होती, एका हाताने, दुसरा हात खिशात. पाच-पाच मिनिटं एका छऱ्यासाठी थांबतात. हात स्थिर वाटला नाही तर खाली घेतात, न मारता. हे न मारता खाली घेणं आमच्या चौकातल्या कुठल्या परवानाधारकाला येतं? कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफल शिकला तो नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला कांस्य घेऊन उभा राहिला. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. ०.१७७ छऱ्याच्या एअर पिस्तुलाला तर परवानाही लागत नाही. लागतो एक लांब हॉल, दिवे, आणि शिकवणारा माणूस. आपल्या आश्रमशाळांतली पोरं गलोलीने काय नेम धरतात ते पेठमध्ये कुणाला नव्याने सांगायला नको. पलीकडच्या सावरपाड्याची कविता राऊत धावत धावत ऑलिंपिकला पोचली, तेव्हा कुठे आपल्या साहेबांना कळलं की ह्या डोंगरातली पोरं पळतात. नेम धरतात हे कळायला आणखी कुणाची वाट बघताय? आदिवासी विकासाच्या निधीतून गेट, कमानी आणि पेव्हर ब्लॉक होतात, तर एक पत्र्याचा हॉल का होऊ नये?

माझा अर्ज मी भरलेला नाही. त्याच्याऐवजी दुसरा लिहिलाय, माहिती अधिकारात. ग्रामीण भागाचा परवाना जिल्हाधिकारी देतात, म्हणून तिथेच. नावं मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल, तेव्हा फक्त आकडे विचारलेत. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत आज चालू परवाने किती. त्यातले "जीविताला धोका" ह्या कारणावर किती. गेल्या पाच वर्षांत नूतनीकरणाच्या वेळी किती जणांकडून प्रत्यक्ष गोळीबार करून घेतला. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं कुठल्या कुठल्या संस्थांची आहेत आणि ती खरी आहेत का हे किती वेळा तपासलं.

बुधवारी सकाळी सातच्या बसने नाशिकला जातोय. अर्जाचा मसुदा खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकला आहे. कुणाला आपल्या तालुक्यासाठी स्वतःच्या नावाने द्यायचा असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, सही करून मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आणून द्या, मी जमा करून पोच आणतो. ठेकेदार मित्रालाही सांगितलंय, रेंजला चल, फी मी भरतो. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.