डोंगर आपल्या हौसेचा

मैत्रिणींनो, वेळ नि पैसा हवा तेवढा मिळाला, तर कुठं जाल? मी तर थेट एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, ५३६४ मीटरवर! “येडी झाली का गं?” शेजारच्या काकू म्हणतील.

पण १९७५ साली एव्हरेस्ट चढणारी पहिली स्त्री, जपानची जुन्को ताबेई, हिच्याजवळ तरी काय होतं? पदरी लहान मुलगी. तिनं पियानोच्या शिकवण्या करून पैसे जमवले, मोटारीच्या सीटच्या कव्हरांचे हातमोजे शिवले.

आपल्या विदर्भातल्या बायाही नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळची नागद्वारची अवघड डोंगरवाट चालतातच की! तिथं देवाचं नाव असतं, म्हणून कुणी अडवत नाही. एकदा नुसत्या आपल्या हौसेसाठी दोन दिवस मागून पाहा. घरच्यांच्या पोळ्या जाड झाल्या, तर होऊ द्या!