विकत घेतलेलं सगळंच विकता येत नाही



घर सांभाळून चार पैसे मिळवावेत असं कुणाला वाटत नाही? पूर्वी त्यासाठी पापड-लोणची होती, शिवणाचं मशिन होतं. आता हाताशी मोबाइल आहे. पनवेलच्या एका भगिनीनं विचारलं आहे, ‘४९९ रुपयांत दोनशे पुस्तकांच्या फाइली मिळतात. पाककृती, रांगोळी, मेंदी, बाळंतिणीचा आहार, सगळं आहे. विकणारी म्हणते, सोबत “रीसेल राइट्स” आहेत, तुम्हीही विका, पैसा सगळा तुमचा. घेऊ का? हे नको म्हणतात, पण कारण सांगत नाहीत.’

कारण आपणच समजून घेऊ या, म्हणजे त्यांनाही सांगता येईल!

तुम्ही लाइन आळीतून एखादं छापील पुस्तक आणलं, वाचलं आणि शेजारणीला निम्म्या किमतीत विकलं, तर कुणी हरकत घेणार नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, एकदा रीतसर बाजारात आलेली प्रत पुढे विकायला लेखकाची परवानगी लागत नाही. फाइलचं तसं नाही. ती पाठवली तरी तुमच्याकडची जागच्या जागी राहते, आणि समोरच्या बाईकडे नवी प्रत तयार होते. विरजण दिलं तरी आपलं दही भांड्यात राहतं, तसंच हे. आणि नवी प्रत काढण्याचा हक्क लेखकाचा, किंवा त्यानं ज्याला दिला त्याचा. युरोपच्या न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं, की वापरलेली ई-पुस्तकं मालकाच्या परवानगीवाचून पुन्हा विकता येणार नाहीत.

म्हणून इथे सारं अवलंबून असतं परवान्यावर. त्याचे साधारण चार प्रकार बाजारात दिसतात.

१. फक्त स्वतःच्या वापराचा : वाचा, करून पाहा, पण विकू नका. दुसरं काही लिहिलेलं नसेल तर हाच समजावा.

२. रीसेल राइट्स : आहे तशी फाइल विकता येते, पण तुमच्याकडून घेणारीला ती पुढे विकता येत नाही.

३. मास्टर रीसेल राइट्स : फाइलही विकता येते आणि पुढे विकण्याचा हक्कही देता येतो.

४. प्रायव्हेट लेबल राइट्स : मजकूर बदलून, स्वतःचं नाव घालूनही विकता येतं, अर्थात परवान्यात लिहिलं असेल तेवढंच.

आता खरी मेख. हे हक्क देणारीकडे ते मुळात आहेत का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलवरून काढून घेतल्या, कारण ज्यानं ते पुस्तक विक्रीला ठेवलं होतं त्याच्याकडे तिथले हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. त्या १९९९ मध्ये वारल्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. अशा पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल गठ्ठ्यात असेल आणि हक्कदाराचं पत्र नसेल, तर ‘राइट्स’ या शब्दाला काडीचाही अर्थ नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’चा मूळ मजकूर २०११ पासून सर्वांना खुला आहे. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना नि चित्रं खुली असतीलच असं नाही.

‘मला काय माहीत’ म्हणून सुटका होईल, या भरवशावर राहू नका. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. पैसे मिळवण्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. आपण तर विकायलाच बसणार!

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं मागा : मूळ लेखकाचं किंवा प्रकाशकाचं नाव, परवान्याचा लेखी कागद, आणि त्यात मुदत व प्रदेश. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. विकणारी टाळाटाळ करू लागली, की समजून घ्या. पुस्तकांपेक्षा ‘आणखी पाच जणी आणा’ यावरच भर असेल, तर चार हात लांब राहा. माणसं जोडून पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या नियमांनी बंदी आहे. फसगत झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि ऑनलाइन पैसे लुबाडले गेले असतील तर विनाविलंब १९३० वर फोन करा.

आणि परवाना अगदी खरा असला तरी हिशेब करा. तीच फाइल तुमच्या भिशीतल्या दहाजणींनी घेतली, तर अकरावी कोण उरली? प्रत्येकजण किंमत उतरवणार, आणि तुमचे ४९९ वसूल व्हायची मारामार!

त्यापेक्षा स्वतःचं का नाही करत? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका नाटक-सिनेमाच्या दाव्यात स्पष्ट केलं, की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. वालाच्या बिरड्याचं साहित्य कुणाच्या मालकीचं नाही. सासूबाईंकडून शिकलेलं बिरडं तुमच्या शब्दांत लिहा, फोटो स्वतः काढा, वीस-पंचवीस पदार्थांची छोटी पुस्तिका करा. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर लेखनासाठी शुल्क ५०० रुपये, म्हणजे त्या गठ्ठ्यापेक्षा एकच रुपया जास्त. पहिल्या पानावर ठळक लिहा : ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी. पुनर्विक्रीस परवानगी नाही.’ कुणी हक्क मागायला आलं, तर घाईनं सही करू नका. किती वर्षं, कुठे आणि किती पैशांत, हे कागदावर आल्यावरच करा.

दुसरीच्या कष्टाचा मान ठेवला, तरच आपल्या कष्टाचा मान मागता येतो. एवढी गाठ पदराला मारून ठेवा.