जुनी रिंक पाडण्याआधी

पूर्व लंडनमधल्या रोमफर्डची आइस रिंक २०१३ साली बंद झाली; नवी सुरू व्हायला २०१८ उजाडले. मधली वर्षे तिथल्या रेडर्स या आइस हॉकी क्लबने ली व्हॅलीच्या रिंकवर, लायन्स या तिथल्या आइस हॉकी क्लबच्या शेजारात काढली. एकाच बर्फावर दोन क्लब नांदले, याचे कौतुकच आहे. पण बर्फाचे तास वाढत नाहीत. सत्र संपले की यंत्राने पृष्ठभाग खरवडायचा, वर पाणी सोडायचे, ते गोठेपर्यंत थांबायचे. शिवाय फिगर स्केटिंगवाले रांगेत असतातच. अशा ओढाताणीत पहिली कात्री लहान मुलांच्या सरावाला लागण्याची भीती असते, आणि एकदा खेळापासून तुटलेले मूल सहसा परतत नाही. जुनी रिंक बंद करतानाच स्थानिक नगर परिषदेने पर्यायी तासांची आणि त्यांच्या भाड्याची लेखी हमी दिली पाहिजे.