जनसंपर्काचे शिक्षण कोणाच्या स्वाधीन?

दर वर्षी २१ एप्रिलला देशातील जनसंपर्क अधिकारी आपला ‘राष्ट्रीय दिन’ साजरा करतात. १९६८ साली त्या दिवशी दिल्लीत त्यांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली होती. या व्यवसायाचा खरा धडा मात्र पंचांगात एक दिवस आधी येतो. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे रॉकफेलरांच्या कंपनीविरुद्ध संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी गोळीबार केला. तंबू पेटले आणि त्यांखालच्या एका खड्ड्यात अकरा मुले व दोन स्त्रिया गुदमरून मरण पावल्या. मालकांची अब्रू सावरण्यासाठी आयव्ही ली याची नेमणूक झाली. त्याच्या पत्रकांत कामगार पुढाऱ्यांचे पगार भरमसाट फुगवून छापले गेले. माहिती कंपनीने पुरवली, आपण ती पडताळली नाही, अशी कबुली त्याने चौकशी आयोगापुढे दिली. पाठ्यपुस्तकांत हाच ली आधुनिक जनसंपर्काचा जनक म्हणून मिरवतो!

या विषयाच्या शिक्षणाला दिशा देण्याचा अधिकार आपला, असे व्यावसायिक संघटना सांगतात. ज्याने कधी वृत्तपत्राला निवेदन लिहून दिले नाही त्याने ते शिकवू नये, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु अभ्यासक्रम, परीक्षक, उमेदवारीच्या जागा आणि पारितोषिके ही सारी एकाच हातात गेली, म्हणजे विद्यापीठ मालकवर्गाची नोकरभरती कचेरी बनते.

आचारसंहितेचा हवाला दिला जातो. तिचे बळ किती, हे २०१७ साली दिसले. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधूंच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल ब्रिटिश संघटनेने बेल पॉटिंजर या बड्या संस्थेला काढून टाकले. संस्था बुडाली, आणि ही कारवाई संघटनेच्या जमेस धरलीच पाहिजे. पण तक्रार करावी लागली ती परदेशातील एका राजकीय पक्षाला. शिवाय वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून नाव गेलेल्या डॉक्टरला दवाखाना चालवता येत नाही. जनसंपर्कवाल्याला मात्र नोंदणीच नको, मग बडतर्फीचे भय कसले? (एडवर्ड बर्नेझसारखा प्रचारतज्ज्ञही उतारवयात या व्यवसायाला परवाना हवा, असे म्हणत राहिला.)

आता भोपाळचे पाहा. १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडने बर्सन-मार्स्टेलर या जनसंपर्क संस्थेची मदत घेतली. ‘संकटकालीन संपर्क’ या प्रकरणात असे प्रसंग कंपनीच्या अडचणी म्हणून शिकवले जातात; वायू ज्यांच्या फुप्फुसांत गेला ते त्यात केवळ ‘संबंधित घटक’ ठरतात.

तेव्हा अभ्यास मंडळांवर जनसंपर्क संघटनांचा एक प्रतिनिधी असेल, तर एक कामगार संघटनांचा आणि एक श्रमिक पत्रकारांचाही असला पाहिजे. लडलो आणि भोपाळ परीक्षेला सक्तीचे असावेत, आणि उत्तरपत्रिका तपासणारा कंपनीचा पगारदार नसावा. विद्यापीठांच्या अधिसभांत आपले जे सदस्य आहेत, त्यांनी येत्या बैठकीतच हा ठराव मांडावा.