नियतीच्या माथी मारलेले निर्णय

प्रेमकथेचा शेवट मृत्यूत झाला की आपल्याकडे एक वाक्य तयारच असते: त्यांच्या नशिबातच नव्हते. शेक्सपिअरने 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या प्रस्तावनेत हीच सोय करून ठेवली आहे. नाटक सुरू होण्याआधीच सूत्रधार येऊन सांगतो की या दोघांचे ग्रहतारे फिरलेले आहेत, ती मरणार आहेत. पत्रिका, छत्तीस गुण आणि मंगळ यांत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे परके वाटण्याचे काहीच कारण नव्हते. नारायण बापूजी कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकातच 'शशिकला आणि रत्नपाल' या नावाने ही कथा मराठीत आणली, पुढे मंगेश पाडगावकरांनी मूळ नाटकाचे भाषांतर केले. तरीही हे नाटक नियतीचे आहे असे म्हणणे म्हणजे सूत्रधाराच्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचे पाच अंक न वाचण्यासारखे आहे. ते अंक नीट पाहिले आणि शेजारी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' ठेवला, तर दिसते ते एवढेच की ज्याला आपण नियती म्हणतो, ते बहुतेक वेळा ज्यांच्या हाती सत्ता होती त्या मोठ्या माणसांनी थंड डोक्याने घेतलेले निर्णय असतात.

आधी या नाटकात ताऱ्यांवर कोण बोट ठेवतो आणि कधी, ते पाहू. आपण नियतीच्या हातचे खेळणे झालो, असा आक्रोश रोमिओ करतो तो ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबाल्टचा जीव घेतल्यानंतरच्या पहिल्याच क्षणी. तलवार त्याने स्वतः उपसलेली असते. मित्राच्या मरणाचा सूड घ्यायचा हे त्यानेच ठरवलेले असते. हातून घडून गेलेल्या कृत्याची किंमत समोर दिसू लागली की माणूस आकाशाकडे बोट दाखवतो, हे शेक्सपिअरने बरोबर टिपले आहे. ज्युलिएटचा बाप तर याहून मोलाचा साक्षीदार. त्याच्या घरच्या मेजवानीत टिबाल्ट रोमिओला ओळखतो आणि तिथेच त्याच्यावर धावून जायला निघतो, तेव्हा हाच म्हातारा त्याला दरडावून थांबवतो. हा पोरगा चांगल्या चालीचा आहे, माझ्या घरात त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये, असा त्याचा सूर असतो. म्हणजे दोन घराण्यांचे पिढीजात वैर घरच्या यजमानाच्या एका शब्दाने रात्रभर थांबू शकते. मग ते दुसऱ्या दिवशी का थांबू नये? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रहाकडे नाही. त्या रात्री पाहुण्यांसमोर शोभा होऊ नये एवढीच त्याची इच्छा होती, आणि तेवढे त्याने करून दाखवले.

याच बापाने आधी ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगितलेले असते की मुलगी अजून चौदाचीही नाही, दोन उन्हाळे जाऊ दे, शिवाय तिचीही संमती हवी. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तो बसून गुरुवारचे लग्न ठरवतो. मुलगी नाही म्हणाली तर रस्त्यावर काढीन म्हणतो, आणि ती वरकरणी होकार देताच लग्न आणखी एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणतो. ज्या घाईला आपण प्रेमिकांची घाई म्हणतो, तिचे वेळापत्रक बापाने आखलेले आहे. आणि सगळ्यात मोठा पुरावा शेवटच्या प्रवेशात आहे. दोन प्रेते समोर ठेवून दोन्ही बाप मोजक्या वाक्यांत हात मिळवतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याच्या गोष्टी करू लागतात. आदल्या दिवशी अशक्य असलेला समेट आज होतो, पण दरम्यान आकाशात काहीच बदललेले नसते. राजासुद्धा कबूल करतो की या भांडणाकडे आपण डोळेझाक केली. इतकी स्पष्ट कबुली नाटकातच असताना प्रेक्षकाने ताऱ्यांना जबाबदार धरावे, हे आश्चर्यच.

यावर पहिला आक्षेप पत्राचा येतो. धर्मगुरूने पाठवलेले पत्र रोमिओपर्यंत पोहोचतच नाही, कारण ते नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवले जाते. साथ काही कुणी ठरवून आणत नाही, मग हा नशिबाचाच खेळ नव्हे काय? योगायोग आहे, यात शंका नाही. पण योगायोग रोजच्या आयुष्यात घडतच असतात. पत्रे हरवतात, गाड्या चुकतात, फोन लागत नाहीत, आणि त्याने कुणी मरत नाही. इथे दोन जीव एका पत्रावर का टांगले गेले, हा खरा प्रश्न आहे. कारण रोमिओ-ज्युलिएटला आपले लग्न लपवावे लागले होते. ज्युलिएटला घरात कुणाशीही मोकळेपणाने बोलता येत नव्हते. जिला सगळे ठाऊक होते ती दाईसुद्धा ऐनवेळी पॅरिसशी लग्न करून मोकळी हो असा सल्ला देते. चूक झाली तर सावरायला जागाच उरली नव्हती, आणि ती जागा प्लेगने हिरावलेली नव्हती. ती वेरोनातल्या मोठ्या माणसांनी आधीच बुजवून टाकली होती.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: दोष नियतीचा नाही, पोरांचाच आहे, आईबापांचे ऐकले असते तर जगली असती. हे म्हणणेही जुनेच आहे. शेक्सपिअरने ज्यावरून कथा घेतली त्या आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या काव्याची प्रस्तावना नेमका हाच उपदेश करते. ब्रूकच्या कथेत महिनोन्महिने लागतात, मुलगीही सोळाची आहे. शेक्सपिअरने सारा काळ चार-पाच दिवसांत कोंबला आणि मुलीचे वय आणखी उतरवले. उतावळेपणा त्याला दाखवायचा होताच, आणि रोमिओच्या हातून घडलेल्या हत्येचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलताही येणार नाही. पण उतावळेपणाची शिक्षा मृत्यू का असावी? नियतीवाले आणि उपदेशवाले एकमेकांच्या विरोधात असल्यासारखे वाटतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत असते. दोघांच्याही हिशेबात घरातली वडीलधारी मंडळी कुठेच नसतात.

'सैराट'ने हे दोन्ही आक्षेप निकालात काढले आहेत, आणि म्हणून २०१६ च्या एप्रिलमध्ये आलेला हा चित्रपट त्या नाटकाला मराठी मातीतून दिलेले सर्वांत चोख उत्तर आहे असे मला वाटते. यात हरवलेले पत्र नाही, साथ नाही, चुकून प्यालेले विष नाही. उतावळेपणा असेल तर तो पहिल्या अर्ध्या भागात. नंतर पळून गेलेली आर्ची आणि परशा ही पोरे हैदराबादच्या वस्तीत राहतात, राबतात, भांडतात. आर्ची एकदा चिडून निघूनही जाते आणि आपल्या मर्जीने परत येते. लग्नाची नोंदणी होते, मूल होते, स्वतःच्या घराची जुळवाजुळव सुरू होते. मंजुळे यांनी प्रेमिकांना वर्षे दिली, शहाणपण दिले, संसार दिला. हट्टी पोरांचे नाटक असते तर ते इथेच सुखाने संपले असते. त्यानंतर आर्चीचा भाऊ आणि त्याच्यासोबतची माणसे आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. घरात त्यांच्यासाठी चहा होतो. शेजारणीसोबत बाहेर गेलेले मूल परत येईपर्यंत सगळे उरकलेले असते. पिशव्या भरून आणल्या, प्रवास केला, हसून चहा घेतला. या प्रत्येक पायरीवर परत फिरता आले असते. याला नियती म्हणणे म्हणजे मारेकऱ्यांच्या बाजूने साक्ष देणे आहे.

ही पडद्यावरची अतिशयोक्ती नाही. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यातल्या सोनई परिसरात तीन तरुणांची हत्या झाली. त्यांपैकी एकाचे दुसऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होते, आणि त्यांना शौचालयाच्या टाकीच्या कामाचे निमित्त करून बोलावून घेतले गेले होते. २०१८ च्या जानेवारीत नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. पण शिक्षेपेक्षाही इथे महत्त्वाचे आहे ते न्यायालयाने ग्राह्य धरलेले कटाचे सूत्र. कट म्हणजे अनेकांनी, वेळ काढून, विचार करून घेतलेला निर्णय. कायद्याला नशीब नावाचा आरोपी माहीत नाही, आणि ते बरेच आहे.

तिसरा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. आईबाप तरी मोकळे कुठे असतात? भावकी वाळीत टाकील, धाकटीचे लग्न अडेल, बाजारात मान खाली घालावी लागेल. 'सैराट'मध्येही परशाच्या बहिणीच्या सोयरिकीवर आणि आईबापांच्या गावातल्या जगण्यावर मुलाच्या प्रेमाची किंमत येऊन पडतेच. जात ही व्यक्तीच्या हातातली गोष्ट नाही, मग तीच आजची नियती नव्हे काय? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. जात व्यक्तीपेक्षा मोठी आहेच, पण ती आकाशातून चालत नाही. प्रत्येक घर शेजारच्या घराला भिते आणि शेजारचे घर या घराला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणलेखात आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले ते यासाठीच. जात कुणाशी लग्न करायचे या निर्णयांवर टिकते, तेव्हा ती मोडतेही तिथेच. आणि भीतीची ही साखळी गावात तोडता येते याचा पुरावाही आपल्याकडे आहे. २००७ मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि त्यानंतर तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमी युगुलाचे लग्न लागल्याच्या बातम्या वाचकांच्या परिचयाच्या झाल्या. तीच भावकी, तेच टोमणे, तेच भिडेखातर गप्प बसणारे लोक. फरक एवढाच की गावातल्या पाच-सात मोठ्या माणसांनी मंडपात उभे राहायचे ठरवले. सगळे तंटे असे मिटले नाहीत, हे खरे. पण एका गावात मिटू शकते तेव्हा दुसऱ्या गावात न मिटणे ही नियती उरत नाही.

हा प्रश्न शेलूसारख्या गावात आज अधिक टोकदार होतो. कल्याणहून कर्जतकडे जाताना वांगणी मागे पडले की रायगड जिल्ह्यातले पहिले स्टेशन शेलू. भोवताली आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी वस्त्या, आणि भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मुंबई-ठाण्यात घर न परवडलेली, राज्यभरातून आलेली कुटुंबे. इथली मुले-मुली एकाच फलाटावर उभी राहतात, एकाच लोकलने कॉलेजला आणि कामाला जातात. घर त्यांच्यावर पगाराचा भार टाकते, वन रूम किचनच्या वीस वर्षांच्या कर्जावर त्यांची सही चालते. जोडीदार निवडताना मात्र तीच सही पोरकटपणाची ठरते. आर्ची-परशा या पट्ट्यात आले असते तर त्यांनाही अशाच एखाद्या इमारतीत भाड्याची खोली शोधावी लागली असती. मग प्रश्न आला असता खोलीमालकाचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा, शेजारच्या दाराचा: गावाहून कोणी चौकशी करत आले तर पत्ता सांगायचा की आधी पोलिसांना कळवायचे? चित्रपटात त्या दोघांना गुंडांपासून वाचवून निवारा देणारी सुमनअक्का कुणी नातलग नाही. ती फक्त एक निर्णय घेते, आणि त्या निर्णयावर दोघांची काही वर्षे उभी राहतात.

राज्यसंस्थेलाही हेच लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्पष्ट केले की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवल्यावर घराण्याची किंवा जातीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात सुरक्षित निवारा आणि विशेष कक्ष यांचेही निर्देश दिले. दुसरीकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा अजून तीस दिवसांची नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लावायला सांगतो, आणि जोडीदाराचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही पाठवतो. दोघे हिंदू असतील तर १९५५ च्या कायद्याखाली ही अट नाही, पण धर्म वेगळे असले की ज्यांच्यापासून जीव वाचवायचा त्यांनाच सरकार खबर देते. फसवणूक टाळायला नोटीस हवी, असे सांगितले जाते. पण वय आणि आधीचे लग्न तपासायला कागदपत्रे पुरतात, त्यासाठी फलकाची गरज नाही. ही तरतूद संसदेने केली आणि संसदच ती बदलू शकते, तिच्यातही कोणता ग्रह नाही.

शेवटी असे विचारले जाईल की नियती काढून टाकली तर शोकांतिकेत उरते काय, केवळ पोलिसांच्या पंचनाम्याची बातमी? मला उलट वाटते. जे टळणारच नव्हते त्याचे दुःख होते, पण ते माणसाला गप्प बसवते. जे कितीतरी ठिकाणी टळू शकले असते आणि कुणीच टाळले नाही, त्याचे दुःख जाब विचारते. वेरोनातला राजा जागा झाला तो सगळे संपल्यावर. शेलूच्या ग्रामपंचायतीला, तिथल्या सोसायट्यांना आणि कर्जत तालुक्यातल्या पोलीस ठाण्यांना अजून आधी जागे होता येते. सुरक्षित निवाऱ्याचा पत्ता विचारणाऱ्याला लगेच मिळावा. पळून आलेल्या सज्ञान मुलीला समजूत काढून घरच्यांच्या ताब्यात देऊ नये. आणि गावातल्या मानकऱ्यांनी असे एखादे लग्न चारचौघांत उभे राहून लावून द्यावे. एवढे झाले तर पुढच्या वेळी नशिबाला दोष देण्याची पाळी येणार नाही, आणि आली तर तो दोष कुणाचा हे निदान नावानिशी सांगता येईल.