पोळलेल्या कातडीला रक्ताचा लेप

फटाक्याने हात पोळला तर शाई, टूथपेस्ट, तूप यांच्या मागे धावू नका. हात वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. पण जखम खोल असली तर? डॉक्टर मंडळी आता औषध शोधीत आहेत ते रोग्याच्याच रक्तात!

डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात या चिमुकल्या चकत्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्त गोठविण्यातला त्यांचा हात इटलीच्या बिझोझेरोने १८८२ च्या सुमारास ओळखला. मात्र रक्त थांबले की त्यांचे काम संपत नाही. त्यांच्यातून जी प्रथिने पाझरतात, ती भोवतालच्या पेशींना वाढीस लावतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कडेची कातडी आत सरकू लागते. म्हणून रोग्याचे थोडे रक्त काढून यंत्रात गरगर फिरवायचे आणि तांबड्या पेशी तळाशी बसल्या की प्लेटलेटनी भरलेला पिवळसर द्रव जखमेवर घालायचा.

युक्ती मोठी नामी! काही लहान चाचण्यांत जखमा लवकर भरल्याही. परंतु नेदरलँड्समध्ये खोल भाजलेल्या ५२ रोग्यांवर कातडीचे कलम करताना एका भागावर हा द्रव घातला, दुसऱ्यावर नाही. २०१६ साली निकाल छापून आला : दोन्ही भागांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा या लेपाचे कुणी भरमसाट पैसे सांगितले, तर कलमावाचून भागेल का, हे आधी विचारावे.