अंगणातली जीप आणि माझी एक चूक

दीड वर्ष आमच्या अंगणात एक जीप विटांवर उभी होती. चाकं काढलेली, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, सीट ओट्यावर. सीटवर मांजर व्यायली. येणारा-जाणारा विचारायचा, "सर, भंगारवाल्याला का देत नाही?" अम्मीला तर त्या जीपमुळे ईदला पाहुणे कुठून आत घ्यायचे हाच प्रश्न पडायचा. आज ती जीप चालते. पण हा लेख जीप चालू झाल्याच्या आनंदात लिहिलेला नाही. ती दुरुस्त करता करता माझ्या वीस वर्षांच्या मास्तरकीतली एक चूक समोर आली, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

गाडी महिंद्राची एमएम 540, 1988 ची. अब्बांनी ती 1994 मध्ये जुनीच घेतली होती. आंब्याच्या पेट्या बागेतून खाली आणायला. आमच्या बागेकडे जाणारा रस्ता म्हणजे तांबड्या मातीचा चढ. पहिला पाऊस पडला की तिथे बैलगाडीही घसरायची. जीप मात्र चढायची. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असतात. एकाने पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात, दुसऱ्याने वेग निम्म्याहून कमी होतो आणि जोर वाढतो. अब्बा ते दांडे ओढताना "बिस्मिल्ला" म्हणायचे. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की गाडी त्यानेच चढते. गावात रात्री-अपरात्री कुणी बाई अडली, कुणाला साप चावला, की लोक आमचं दार वाजवायचे. अब्बा 2017 मध्ये गेले आणि जीप शेडमध्ये गेली.

22 जुलै 2021 चा दिवस चिपळूणकरांना सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी आमच्या शेडमध्ये शिरलं आणि बॉनेटच्या वरून गेलं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. घर साफ करायला आठवडा गेला. मग जीपकडे बघितलं. भाच्याने कुठूनतरी चार्ज केलेली बॅटरी आणली होती. तो चावी फिरवणार एवढ्यात गेटातून कुणीतरी ओरडलं, "थांबा! स्टार्टर मारू नका!"

तो माझा जुना विद्यार्थी होता. बाजारपेठेजवळच्या एका गॅरेजात काम करणारा. पुरानंतर तो ओळखीच्या घरोघरी फिरून हेच सांगत होता. मी विचारलं, का नको? तो म्हणाला, "सर, सिलिंडरमधे पाणी असंल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाय. पिस्टन वर आला की जाणार कुठं? रॉड वाकतो." डिझेलच्या इंजिनात हवा वीसेक पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. तिथे हवेऐवजी पाणी असेल तर पोलादी रॉडसुद्धा वाकतो. त्याने चारही नोझल काढले, पुढे पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. भोकांतून चॉकलेटी पाणी कारंज्यासारखं उडालं. मग डिझेल ओतलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा ओतलं. इंजिन वाचलं. त्या आठवड्यात आमच्या परिसरात किती लोकांनी घाईघाईने चावी फिरवली आणि चांगली इंजिनं हातची घालवली, ते गॅरेजवाल्यांना विचारा.

आता चूक सांगतो. हा मुलगा दहावीला गणित आणि विज्ञानात नापास झाला होता. मी त्याचा वर्गशिक्षक. उर्दू-मराठी शिकवायचो, पण वर्ग माझा होता. सहामाहीनंतर त्याला सगळ्या वर्गासमोर उभा करून मी म्हणालो होतो, "तुझ्या नशिबात गॅरेजच आहे." वर्ग हसला होता. मी विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता. हे मला त्याने सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं.

आणि विज्ञानात नापास झालेला हाच मुलगा माझ्या अंगणात उभा राहून द्रव पदार्थ दाबले जात नाहीत हे मला समजावत होता. पुस्तकात हे वाक्य मीही वाचलंय. गाडीशी त्याचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

जीप पूर्ण उभी करायची हे आम्ही पुढच्या वर्षी ठरवलं. काम रविवारी आणि सुटीत, तेही अंगणातच. तो उस्ताद, मी शागिर्द. पहिले तीन महिने नुसतं उघडण्यात गेले. बॉडी चासीला ज्या बोल्टांनी धरलेली असते ते बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेलमध्ये भिजवले, गॅसने तापवले, तरी चार कापावेच लागले. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं तर दुधाचा चहा निघाला, म्हणजे पाणी मिसळलेलं. ब्रेकचे पाइप आतून सडलेले. तळाचा पत्रा इतका पातळ झालेला की माझा अंगठा आरपार गेला. वायरिंगमध्ये उंदरांची तीन पिढ्यांची वस्ती.

पाने देण्याचं काम माझ्याकडे. आणि तिथे माझी फजिती सुरू झाली. या जीपच्या बॉडीचं मूळ अमेरिकेतल्या विलीज जीपचं, म्हणून चासी-अ‍ॅक्सलचे नट इंचातले. इंजिन मात्र प्यूजोच्या आराखड्याचं, 2112 सीसीचं, म्हणून त्याचे नट मिलिमीटरमधले. एकाच गाडीत दोन मापं. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 चा पाना बसतो, पण जरासा सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे मोडतात आणि मग छन्नीच घ्यावी लागते. मी असे दोन नट मोडले. तिसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणाला, "सर, नऊ सोळांश द्या. नाय, त्याच्या आतला. अर्धा." मी पान्यांच्या ढिगात शोधत बसलो. 7/16, 1/2, 9/16, 5/8, 11/16, 3/4 हे चढत्या क्रमाने लावा, असा प्रश्न आमच्या परीक्षेत येतो. त्यात याला भोपळा मिळायचा. इथे तो नटाकडे नुसतं बघून अपूर्णांक सांगत होता आणि बी.एड. झालेला मी मनातल्या मनात छेद समान करत होतो.

बी.एड.ला असताना मी 'मूलोद्योगी शिक्षण' या प्रश्नावर दहा गुणांचं छान उत्तर लिहिलं होतं. 1937 मध्ये वर्ध्याला परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हाताच्या उद्योगातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची अशी योजना तिने मांडली. सगळं पाठ. झाकिर हुसेन यांचं नाव आम्ही मुसलमान मास्तर अभिमानाने घेतो, पुढे राष्ट्रपती झाले म्हणून. त्यांनी मांडलेली गोष्ट मात्र आमच्यातल्या कुणी वर्गात केलेली मला माहीत नाही. मी तर गॅरेज हा शब्द शिवीसारखा वापरला. नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पाठवायची सूचना आहे. चांगली आहे. ते दहा दिवस चित्रकलेच्या स्पर्धेत उरकू नयेत एवढीच माझी भीती.

दोष एकट्या शाळेचा नाही. आपल्या समाजाचाही आहे, तो बोलून टाकतो. जुम्म्याच्या बयानात हाताच्या कमाईची थोरवी आपण ऐकतो. हजरत दाऊद स्वतःच्या हातांनी चिलखतं बनवायचे, हे पोरांना सांगतो. आणि मुलीसाठी स्थळ बघताना मुलाची नखं काळी दिसली की चहा पिऊन उठतो. या पोराच्या बाबतीत दोनदा हे झालं. तिसऱ्या ठिकाणी त्याच्या आईने "स्पेअर पार्टचा धंदा आहे" असं सांगितलं, तेव्हा लग्न जमलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक माहिती आपल्यातले लोक हौसेने फिरवतात. महिंद्रा कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. खरं आहे. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, 1951 मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव बदललं. ठीक आहे, पण त्याचा अभिमान काय बाळगायचा? मालक मोहम्मद गेले. पाना धरणारे मोहम्मद इथेच राहिले, गाडीखाली आडवे पडून. त्यांच्याबद्दल एखादा फॉरवर्ड मला तरी आलेला नाही.

भाषेचा मास्तर असल्याने एक मौज सांगतो. गॅरेजात आमच्या दोन्ही भाषा एकत्र नांदतात. उस्ताद, शागिर्द, हुनर, पेच, दुरुस्ती हे सगळे फारसीतून आलेले. मिस्त्री आणि चावी पोर्तुगीजांकडून. नोझल, टॅपेट इंग्रजीतले. आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांना कमानपाटे म्हणतात, त्यातली कमानही फारसीच. कुणी कुणाला बाहेरचा म्हणत नाही.

आता सजावटीचा विषय. भाच्याला जीप 'मॉडिफाय' करायची होती. ट्रॅक्टरसारखे रुंद टायर, छतावर एलईडीची पट्टी, फटाके वाजवणारा सायलेन्सर. मोबाइलवर असले व्हिडिओ ढिगाने आहेत. मी ठाम नाही म्हणालो आणि अजूनही माझं मत तेच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीत असलेल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या रचनेत वाटेल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. पण कायदा बाजूला ठेवा. माझ्या उस्तादाने दिलेलं कारण मला जास्त पटलं. टायर मोठा केला की तो फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. अ‍ॅक्सल तोच, ब्रेकचे ड्रम तेच, त्यांनी काय करायचं? "दिसायला रांगडी, उताराला थांबणार नाय," तो म्हणाला. कुंभार्ली घाट उतरलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

आम्ही बदल केले ते तीनच. पुढच्या सीटना पट्टे बसवले. अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून चढायला एक पायरी वेल्डिंग करून लावली. आणि वायरिंग सगळं नव्याने ओढून फ्यूजचा डबा हात पोचेल असा घेतला. रंग आरसी पुस्तकात लिहिलाय तोच, हिरवा. रंग बदलला तर तीही नोंद करावी लागते. जुना रंग खरवडून, रेड ऑक्साइड मारून, लांबी भरून, पाण्याचा पेपर घासता घासता माझ्या बोटांची सालं निघाली. त्या दिवशी माझीही नखं काळी होती. मी तसाच शाळेत गेलो, तर सहकारी विचारत होते, "बाग विकली का सर?"

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण इथेच अडकतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 ची 5000 झाली होती. शिवाय पर्यावरण कर. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते ती पन्नास वर्षांवरच्या गाडीला, आणि ती गाडी मग रोज वापरता येत नाही. मालक वारले असतील तर आधी वारसांच्या नावाने बदल करून घ्या. हे सगळं गाडी खोलायच्या आधी बघा. मी नंतर बघितलं.

एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. मजुरीवरून मी त्याच्याशी घासाघीस केली, हेही कबूल करतो. तो हसून म्हणाला, "सर, शिकवणीच्या फीला कोण घासाघीस करतं का?" मी गप्प पैसे दिले.

पण मला गॅरेजाचं गोडवं गायचं नाही. तिथे दहा-बारा वर्षांची पोरं 'छोटू' म्हणून राबताना मी पाहिली आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि ते बघून न बघितल्यासारखं करणारे आपणच गिऱ्हाईक आहोत. रंगाची फवारणी करणाऱ्याच्या तोंडाला रुमाल असतो, मास्क नसतो. विमा नाही, पेन्शन नाही. आणि खरी टांगती तलवार पुढेच आहे. आमच्या जीपचं दुखणं कानाने कळतं. नव्या गाडीला सेन्सर आहेत, तिचं दुखणं स्कॅनरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतं. विजेवरच्या गाड्या तर आल्याच आहेत. ज्याच्याकडे हुनर आहे पण वाचता येत नाही, तो पुढच्या दहा वर्षांत मागे पडणार. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पण त्याला दहावी पास लागते. म्हणजे जो हे काम झोपेतही करू शकतो त्याच्यासाठी दार बंद, कारण अपूर्णांकाच्या प्रश्नात त्याला भोपळा मिळाला.

म्हणून मी आता त्याच्या मागे लागलोय, की गणित-विज्ञान पुन्हा दे. दोनच विषय. संध्याकाळी तो येतो, जीपच्या बॉनेटवर वही ठेवतो. पान्यांवरून सुरुवात केली तर अपूर्णांकांची बेरीज दोन दिवसांत आली. बीजगणित अजून डोक्यात जात नाही, दोघांच्याही. परीक्षेचा अर्ज मी त्याला आणून दिलाय. तो त्याच्या पान्यांच्या पेटीत पडून आहे, एका कोपऱ्याला ग्रीस लागलंय. रोज विचारलं की म्हणतो, "सर, तेवढं एक क्लचचं काम संपवतो, मग भरतो." शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे.